झोफनीच्या चित्रातली मशक

(एका व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. आज एकाच चित्राबद्दल बोलायचंय. कोलकात्यात राजभवनाच्या, म्हणजे आताच्या लोकभवनाच्या, शेजारी सेंट जॉन्स चर्च आहे, तिथे वेदीच्या डाव्या हाताला एक भलंमोठं ऑइल पेंटिंग लावलंय, जोहान झोफनीचं, 1787 सालचं. विषय आपल्या सगळ्यांना माहितीतला, लास्ट सपर, म्हणजे येशूने पकडलं जायच्या आदल्या रात्री बारा शिष्यांबरोबर केलेलं शेवटचं भोजन. कोलकात्याला जाणारे बरेच जण या चर्चमध्ये जातात ते शहराचा संस्थापक म्हणतात त्या जॉब चार्नॉकची कबर बघायला, आणि चित्रापुढून चालत पुढे जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण भारतातल्या चर्चेसमध्ये जी काही चित्रं आहेत त्यात इतकं बोलणारं चित्र मला तरी दुसरं माहीत नाही.

आधी चर्चबद्दल थोडंसं, म्हणजे चित्र कुठल्या जागेसाठी काढलं ते कळेल. कलकत्त्यातल्या इंग्रजांचं जुनं सेंट ॲन्स चर्च 1756 मध्ये सिराज उद्दौलाने शहर घेतलं तेव्हा उद्ध्वस्त झालं, आणि मग जवळजवळ तीस वर्षं कंपनी सरकारचं स्वतःचं असं मोठं चर्च तिथे नव्हतंच. 1784 मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात नवीन चर्चची पायाभरणी झाली. जमीन दिली शोभाबाजारचे राजा नवकृष्ण देव यांनी, म्हणजे एका हिंदू जमीनदाराने. पैसा उभा केला त्यातला बराचसा पब्लिक लॉटरीतून. आणि दगड आणला गौडहून, बंगालच्या जुन्या सुलतानांच्या राजधानीचे जे अवशेष पडले होते तिथून नदीतून बोटींनी, म्हणून लोक या चर्चला पाथुरे गिर्जा म्हणायला लागले. हे सगळं एका दमात सांगितलं कारण मला मुद्दा एवढाच मांडायचाय की ही वास्तू उभी राहिली त्यात इथल्या मातीचा, इथल्या दगडाचा, इथल्या माणसांचा वाटा पहिल्या दिवसापासून होता. हे डोक्यात ठेवा, चित्राकडे बघताना लागणार आहे.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं विचाराल तर पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणवीसांकडे, आणि थोड्याच वर्षांनी जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात येऊन या दोघांचं चित्र काढणार होता. म्हणजे युरोपियन चित्रकार हिंदुस्थानात येताहेत, पोर्ट्रेटची कामं मिळवताहेत, असा तो काळ.

झोफनी त्यातलाच, पण आला तो आधीच मोठं नाव कमावून. जन्म जर्मनीतला, 1733 चा, 1760 च्या सुमारास लंडनला गेला आणि तिथे त्याचं असं जमलं की थेट राजघराण्याची कामं मिळायला लागली. मग राणी शार्लटने त्याला फ्लॉरेन्सला पाठवलं, उफिझी गॅलरीतल्या एका प्रसिद्ध दालनाचं चित्र काढून आण म्हणून. हा गेला, कित्येक वर्षं त्या चित्रावर बसला, आणि दालनातल्या कलाकृतींबरोबर त्याने काय केलं तर तिथे फिरायला आलेले ओळखीपाळखीचे इंग्रज टुरिस्ट एकेक करून चित्रात घातले, चांगले ओळखू येतील असे चेहरे. राजाराणीला ते अजिबात आवडलं नाही आणि दरबारातून मिळणारी कामं आटली. तर हा त्याचा स्वभाव बघा, समोर दिसणारी माणसं चित्रात घ्यायची, त्या चित्रात त्यांचं काम असो वा नसो, आणि त्याची जी किंमत पडेल ती पडो.

1783 मध्ये तो हिंदुस्थानात आला. कलकत्त्यात काम केलं, लखनौला राहिला, नवाब आसफ उद्दौलाच्या दरबारात वावरला. त्या लखनौच्या चित्रांकडे मी परत येणार आहे. 1787 मध्ये चर्च बांधून तयार झालं, तोवर हेस्टिंग्ज इंग्लंडला परत गेला होता आणि कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होता, आणि झोफनीने नव्या चर्चच्या वेदीसाठी हे चित्र भेट दिलं.

आता चित्र बघू. मांडणीच्या बाबतीत झोफनी जुन्या युरोपियन परंपरेला धरूनच आहे, लांब टेबल, मध्ये येशू, दोन्ही बाजूंना शिष्य. गंमत आहे ती चेहऱ्यांमध्ये. येशूसाठी झोफनीने मॉडेल घेतला फादर पार्थेनियो, कलकत्त्यात तेव्हा ग्रीक व्यापाऱ्यांची छोटीशी वस्ती होती आणि त्यांचं स्वतःचं चर्च होतं, तिथला हा धर्मगुरू. म्हणजे अँग्लिकन चर्चच्या वेदीवरचा येशू हा ऑर्थोडॉक्स पंथाचा ग्रीक पाद्री. मला ही निवड फार आवडते, एक तर दाढीवाला, पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतला माणूस, आणि दुसरं म्हणजे रोज हातात भाकर घेऊन या शेवटच्या भोजनाचाच विधी करणारा माणूस, त्याचे हात खोटे दिसणार कसे?

येशूचा लाडका शिष्य योहान, त्याच्यासाठी मॉडेल होता ब्लॅकियर, कलकत्त्याचा पोलीस मॅजिस्ट्रेट. तरुण, नाजूक चेहऱ्याचा. योहानाला दाढी नसलेला, जवळजवळ मुलीसारखा कोवळा दाखवायची युरोपात जुनी रीत आहे, त्यात हा फिट बसला. पण माणूस साधा नव्हता, इथल्या भाषा शिकलेला, कालिका पुराणातल्या रुधिराध्यायाचा म्हणजे बळी देण्याबद्दलच्या अध्यायाचा इंग्रजी अनुवाद याने केला आणि तो एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापून आला. आता विचार करा, ज्या भोजनात येशू स्वतःला बळी म्हणून देतोय त्या चित्रात त्याच्या शेजारी बसलेला चेहरा पुढे कालीच्या बळीचा अध्याय भाषांतरित करणाराय! झोफनीला हे ठाऊक असायचं कारण नाही, पण आपल्याला ठाऊक झाल्यावर चित्र वेगळं दिसायला लागतं की नाही?

आणि यहूदा इस्कर्योत, विश्वासघात करणारा. त्यासाठी विल्यम टलो, कलकत्त्यातला बडा लिलाववाला. त्या छोट्या गोऱ्या समाजात टलोला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण, कारण कुणी मेलं की सामान लिलावात, कुणी मायदेशी निघालं की सामान लिलावात, खुर्च्यांपासून घोड्यांपर्यंत सगळं या लिलाववाल्यांच्या हातून जायचं. आणि यहूदाने काय केलं? तीस चांदीच्या नाण्यांना येशूला विकलं. म्हणजे जो विकतो तो यहूदा आणि शहरात विकण्याचा धंदा ज्याचा तो टलो, हे समीकरण चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येकाला बघताक्षणी कळलं असणार. असं सांगितलं जातं की टलोला आपला यहूदा होणारे याची कल्पना नव्हती आणि तो प्रचंड भडकला. ते खरंच तसंच झालं की नंतर रंगवून सांगितलं गेलं ते सोडून देऊ, पण रविवारच्या रविवारी तुम्ही बायकोमुलांसोबत चर्चला जाताय आणि समोर वेदीवर देवाला विकणारा म्हणून तुमचाच चेहरा टांगलाय, ही शिक्षा काही थोडीथोडकी नाही. मला यात झोफनीचं वागणं क्रूर वाटतं, सरळ सांगते.

अशा गोष्टी युरोपात आधीपासून चालत आल्या होत्या. मिलानला लिओनार्दोने लास्ट सपर काढलं तेव्हा मठाचा मुख्य पाद्री सारखा मागे लागला होता, चित्र कधी पूर्ण करताय, कधी पूर्ण करताय, तर लिओनार्दोने ड्यूकला सांगितलं म्हणे की दोनच डोकी राहिलीत, येशूचं आणि यहूदाचं, येशूचं तर पृथ्वीवर शोधून सापडणार नाही, यहूदासाठी दुसरं कुणी नाहीच मिळालं तर हे पाद्रीबुवा आहेतच. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वझारीने लिहून ठेवलेली ही कथा. पण तिथे नुसती धमकी होती, झोफनीने ते खरंच करून दाखवलं.

तर चेहऱ्यांची ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, गाईड लोक हीच सांगतात. मला मात्र चित्रातल्या वस्तूंबद्दल बोलायचंय, आणि आज इथे उभी राहिले ती त्याचसाठी.

त्या काळातल्याच कुणीतरी हे चित्र बघून तक्रारीच्या सुरात लिहून ठेवलंय की भिंतीवर खिळ्याला पेत्राची, म्हणजे येशूच्या एका शिष्याची, तलवार टांगलीय ती चपराशाची साधी तलवार आहे, टेबलाजवळ पाण्याचं भांडं आहे ते हिंदुस्थानी पिकदाणीवरून घेतलंय, आणि जवळच पाण्याने भरलेली भिश्त्याची मशक पडलीय. त्या माणसाचं म्हणणं असं की एवढं पवित्र दृश्य आणि त्यात ह्या गावठी वस्तू काय घातल्यात.

एकेक घेऊ. मशक आधी. तरुण मंडळींनी कदाचित बघितली नसेल. बकऱ्याचं अख्खं कातडं काढून, कमावून, शिवून केलेली पिशवी, गळ्याच्या बाजूने पाणी भरायचं आणि ओतायचं, पट्टा खांद्यावर टाकून कमरेशी धरायची, भरली की चांगली जड होते आणि वाहणाऱ्याचा अंगरखा एका बाजूने कायम ओला. आपल्याकडे मोठी पखाल रेड्याच्या पाठीवर घालायचे, मशक माणूस वाहायचा. त्या काळच्या कलकत्त्यात घरात पाणी यायचं ते भिश्त्याच्या खांद्यावरून. साहेबाची अंघोळ, स्वयंपाक, रस्त्यावर धूळ बसवायला मारायचं पाणी, सगळं त्याच्या मशकीतून. म्हणजे झोफनीला त्या शहरात पाणी काढायचं म्हणजे डोळ्यासमोर पहिली मशकच येणार.

पण शेवटच्या भोजनात पाण्याचं काय काम? इथे खरी मजा आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात सांगितलंय की त्या रात्री जेवताना येशू उठला, अंगावरची वस्त्रं काढून ठेवली, कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी ओतलं आणि शिष्यांचे पाय धुवायला लागला. पाय धुणं हे नोकराचं काम. पेत्राला ते सहन होईना, तो म्हणाला तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत. म्हणजे त्या जेवणातलं पाणी हे सेवकाचं पाणी आहे, गुरूने सेवकाची जागा घेतल्याची ती खूण आहे. आता मला सांगा, 1787 च्या कलकत्त्यात ही गोष्ट चित्रात दाखवायला भिश्त्याच्या मशकीपेक्षा योग्य वस्तू कुठली होती? चांदीची सुरई काढली असती तर ती शोभेची वस्तू झाली असती. मशक म्हटली की तिच्या मागे तो वाकलेला खांदा येतो, ओला अंगरखा येतो, आणि येशूने त्या रात्री कुणाची जागा घेतली हे न बोलता कळतं.

तलवारीचं तसंच. जेवण झाल्यावर सगळे बागेत गेले, तिथे येशूला धरायला लोक आले आणि पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या एका दासाचा उजवा कान कापला. दासाचं नावसुद्धा शुभवर्तमानात दिलंय, मल्ख. म्हणजे भिंतीवर खिळ्याला टांगलेली ती तलवार थोड्या वेळाने एका नोकरावर चालणाराय. आणि झोफनीने ती कुणाची काढली? चपराशाची, साहेबाच्या पुढेमागे चालणाऱ्या, दारात उभ्या राहणाऱ्या माणसाची. नोकराच्या तलवारीने नोकराचा कान. हे त्याने ठरवून केलं असं माझं म्हणणं नाही, बहुतेक स्टुडिओत जे हाताशी होतं ते काढलं, पण चांगल्या चित्रकाराचा हात कधीकधी त्याच्या डोक्याच्या पुढे जातो, आणि इथे तो गेलाय असं मला मनापासून वाटतं.

पिकदाणीचं समर्थन मात्र मला करता येत नाही. आपल्याला विचाराल तर पानाची पिंक टाकायचं भांडं आणि पवित्र जेवणातलं पाण्याचं भांडं हे एकत्र येऊच शकत नाही, ओवळंसोवळं न मानणाऱ्या माणसालाही ते खटकेल. झोफनीने फक्त आकार बघितला, पितळी घाट आवडला असेल, तो भांड्याला दिला. नवाबांच्या बैठकीत बसलेल्या माणसाला ते भांडं कशासाठी असतं हे माहीत नसेल? माहीत असणारच, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. परका डोळा म्हणतात तो इथे दिसतो.

आता माझा खरा मुद्दा. चित्रात भिश्त्याची मशक आहे, भिश्ती नाही. चपराशाची तलवार आहे, चपराशी नाही. ज्यांची ओळख पटलीय ते चेहरे कुणाचे, तर मॅजिस्ट्रेटचा, लिलाववाल्याचा, ग्रीक पाद्र्याचा. शहर चालवणाऱ्या माणसांच्या वस्तू वेदीपर्यंत पोचल्या आणि माणसं बाहेर राहिली. आणि टीका करणाऱ्याला खटकल्या त्या वस्तूच. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ना, तसं झालं, प्रश्न होता चेहऱ्यांचा आणि सगळा राग निघाला मशकीवर.

कुणी म्हणेल झोफनीला भारतीय चेहरे काढता येत नसतील किंवा त्याला रस नसेल. अजिबात नाही! म्हणून मघाशी लखनौचा उल्लेख केला. तिथे त्याने कर्नल मॉर्डंटच्या कोंबड्यांच्या झुंजीचं चित्र काढलंय, हेस्टिंग्जसाठी, त्यात आसफ उद्दौला आहे, गोरे आहेत आणि भोवती भारतीय माणसांची नुसती दाटी आहे, प्रत्येक चेहरा निराळा. आणि कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये त्याचं कर्नल पोलिए या कंपनीच्या स्विस अधिकाऱ्याचं आणि मित्रांचं चित्र आहे, लास्ट सपरच्या आगेमागेच काढलेलं, त्यात क्लोद मार्टिन हा फ्रेंच अधिकारी आहे, झोफनी स्वतः चित्र काढत बसलाय आणि फळफळावळ भाजीपाला घेऊन आलेले नोकर आहेत, नुसती भरायला काढलेली आकृती नव्हे, नीट बघून काढलेली माणसं. म्हणजे दिवाणखान्याच्या चित्रात नोकर चालतो. वेदीवरच्या चित्रात, जिथे गुरू स्वतः नोकर झाला त्याच दृश्यात, नोकराला जागा नाही.

आणि दुसरी गोष्ट बघा. इंग्लंडला परत गेल्यावर झोफनी थेम्सच्या काठी स्ट्रँड ऑन द ग्रीन नावाच्या वस्तीत राहिला, आणि तिथे जवळच ब्रेंटफर्डच्या चर्चसाठी परत एक लास्ट सपर काढलं. त्यात शिष्यांसाठी मॉडेल म्हणून तिथले मच्छीमार घेतले असं सांगतात, आणि पेत्राला स्वतःचा चेहरा दिला. मच्छीमार! म्हणजे शुभवर्तमानात आहे तसंच, पेत्र आणि योहान जाळी टाकणारेच होते. स्वतःच्या वस्तीत त्याला कष्टकरी माणूस शिष्य म्हणून दिसला. कलकत्त्यात हुगळीच्या काठावर मच्छीमार काय कमी होते? पण तिथे त्याला शिष्य दिसला तो मॅजिस्ट्रेट. यात एकट्या झोफनीला दोष देऊन भागत नाही, ते चर्च ज्यांचं होतं त्यांनी भिश्त्याच्या चेहऱ्याचा पेत्र वेदीवर एक दिवससुद्धा राहू दिला नसता.

येशूच्या गोष्टीत इथले चेहरे यायला पुढे फार काळ जावा लागला, आणि त्यातला एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो म्हणून सांगते. आंजेलो द फोन्सेका, 1902 चा जन्म, गोव्याचा, मुंबईत डॉक्टरकी शिकायला आला ती सोडून चित्रकलेकडे वळला, मग बंगालमध्ये जाऊन अवनींद्रनाथ टागोरांच्या परंपरेत शिकला. परत येऊन त्याने येशूची आई मारिया काढली ती साडी नेसलेली, सावळी, आपल्याकडच्या बायांसारखी बसलेली. गोव्यात त्याच्यावर एवढी टीका झाली की त्याने गाव सोडलं आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिला, तिथे वर्षानुवर्षं काम केलं, 1967 मध्ये गेला. बघा म्हणजे, पिकदाणी आणि मशक चित्रात आली तर 1787 मध्ये कुरकुर झाली, आणि पुढे दीडशे वर्षांनी साडी आली तर माणसाला गाव सोडावं लागलं.

झोफनीच्या चित्राची अवस्था मधल्या काळात फार वाईट झाली होती, बंगालची दमट हवा आणि ऑइल पेंटिंग यांचं जमत नाहीच. 2010 मध्ये इंटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि गटे इन्स्टिट्यूट ही जर्मन सांस्कृतिक संस्था यांच्या मदतीने ते व्यवस्थित दुरुस्त केलं गेलं, त्यामुळे आता बघायला जाल तर रंग चांगले दिसतात. जाणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे, एकाच दिवसात दोन्ही चित्रं बघा, आधी व्हिक्टोरिया मेमोरियलमधलं पोलिएचं, मग सेंट जॉन्समधलं. पोलिएच्या चित्रात नोकरांचे चेहरे नीट बघून घ्या. नंतर चर्चमध्ये आधी खिळ्यावरची तलवार शोधा, मग मशक, आणि मगच टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांकडे वळा, गाईड मात्र पहिल्या मिनिटाला तुम्हाला टलोकडे ओढेल, त्याला म्हणावं थांब जरा. आणि फोन्सेकाचं काम बघायचं असेल तर ते गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये जपून ठेवलंय.